फुरसं निघालं, आता काय करायचं?

गेल्या वर्षावासातली गोष्ट. आमच्या वाडीतल्या विहारात संध्याकाळी साडेसातला ग्रंथवाचन सुरू होतं. वंदना झाली, पंचशील झालं, आणि मागून आलेल्या बायकांना बसायला चटई हवी म्हणून दहा-अकरा वर्षांची एक मुलगी कोपऱ्यात गेली. गुंडाळून ठेवलेल्या चटयांतली वरची एक तिने ओढली. तापल्या तव्यावर पाणी पडल्यावर येतो तसा आवाज आला. मुलगी थबकली, हे आपलं नशीब. चटईखाली जेमतेम दीड वितीचं, मातीच्या रंगाचं वेटोळं होतं.

"फुरसां! फुरसां आसा गो, मागे सर!"

पुढच्या मिनिटभरात जे झालं ते कोकणातल्या कुठल्याही घरात होतं तेच. चौघे जण काठी शोधायला धावले. दोघे बॅटरी घेऊन पुढे वाकले. लहान पोरं बघायला आणखी जवळ आली. एक आजोबा म्हणाले, "विहारात मारूक नको, आत्ताच शील घेतलास ना?" त्यावर एका तरुणाने विचारलं, "आणि पोराक चावला तर?"

दोघांचंही खरं होतं. त्या दिवसापासून वाडीतल्या तिघा-चौघांनी मला हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. मी आरोग्य खात्यात नोकरी केलेली, म्हणून चावल्यावर काय करायचं ते मी सांगेन असं ते धरून चालतात. पण त्यांचा खरा प्रश्न त्याच्या आधीचा असतो. ते घरात आलंय, चावलेलं नाही, आणि काठी आपल्या हातात आहे. मारायचं की नाही?

त्या आजोबांच्या आणि तरुणाच्या बोलण्याकडे येण्याआधी घरातली एक गोष्ट सांगते. माझ्या आत्याला फुरसं चावलं तेव्हा मी शाळेत होते. पावसाळ्याच्या तोंडाशी चुलीसाठी माडाची सोडणं काढताना हाताच्या बोटाला चावलं. आरडाओरडा झाला, शेजारचे धावले, सोडणांची रास उपसून त्यांनी ते फुरसं शोधलं आणि ठेचलं. या सगळ्याला पाच-सात मिनिटं लागली असतील. मग आत्याला शेजारच्या गावात विष उतरवणाऱ्याकडे नेलं. त्याने पाला चोळला, काही पुटपुटला, दंडाला दोरा बांधला. संध्याकाळी सूज थोडी कमी वाटली, आत्या जेवलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. तिसऱ्या दिवशी लघवी लाल झाली, तेव्हा गाडी बघितली. रुग्णालयात पोचल्यावर ती रात्र तिने काढली नाही. आई अजून म्हणते, साप मारायला सात माणसं होती, तिला गाडीत घालायला एक नव्हता.

फुरशाचं विष असं असतं म्हणून हे घडतं. नागाचं किंवा मण्यारचं विष नसांवर काम करतं, माणसाचा श्वास थांबवतं. फुरशाचं आणि घोणसाचं विष रक्तावर काम करतं. रक्त गोठण्यासाठी शरीरात जे घटक असतात ते ते संपवून टाकतं. मग हिरडी, नाक, जुनी जखम, लघवी, कुठूनही रक्त वाहू शकतं. पोटात किंवा मेंदूत वाहिलं तर बाहेरून दिसतही नाही. मूत्रपिंडं बंद पडू शकतात. हे सगळं कधी दोन तासांत होतं, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. एवढासा साप, थोडीशी सूज, माणूस चालतोय-बोलतोय, म्हणून फुरशाचा दंश हलका मानला जातो. मांत्रिकाचं नावही त्याच्यावरच चालतं. पुष्कळ दंशांत विष थोडंच गेलेलं असतं, कधी गेलेलंच नसतं. असा माणूस आपोआप बरा होतो आणि श्रेय दोऱ्याला जातं. ज्याच्यात विष पुरतं गेलेलं असतं त्याचं "आयुष्यच तेवढं होतं".

आपल्या कातळाच्या मुलखात फुरसं परकं नाही. जांभ्याच्या सड्यावर, दगडांच्या फटींत, गडग्यांत ते पिढ्यान् पिढ्या राहतंय. बहुतेक फुरशी हातभरही नसतात. डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी पांढरट खूण असते. अंगावरचे खवले करवतीसारखे असतात, ते एकमेकांवर घासून ते तो चर्र आवाज करतं. तो आवाज म्हणजे त्याने दिलेली सूचनाच असते: जवळ येऊ नको. रात्री फिरतं आणि विंचू, गोम, बेडूक, पाल, उंदराची पिल्लं खातं. अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतं, म्हणून एक दिसलं तर आसपास चार-पाच बारकी असू शकतात. बारक्यालाही विष असतं. मांजऱ्या साप दिसायला बराचसा त्याच्यासारखा असतो आणि माणसाला त्याचा धोका नसतो. फुरसं म्हणून दरसाल कित्येक मांजरे मारले जातात. कवड्या हा बिनविषारी सापही मण्यार समजून असाच मारला जातो.

मारून ही जात संपेल, असं कुणाला वाटत असेल तर तो प्रयोग आपल्या जिल्ह्यात होऊन गेलाय. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली. त्याआधी मालवण, देवगड, वेंगुर्ला हे सगळं रत्नागिरी जिल्ह्यात होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने रत्नागिरीत मेलेल्या फुरशामागे बक्षीस लावलं. लोकांनी फुरशी आणली, आणि तीही हजारांनी नाही, लाखांनी आणली. तिजोरीवर भार पडायला लागला, फुरशी मात्र होती तिथेच राहिली. ती आजही आपल्या चटयांखाली निघतात. कारण सरळ आहे. कातळ तोच आहे, गडगे तेच आहेत, उंदीर-बेडूक तेच आहेत. एक मारलं की मोकळ्या झालेल्या फटीत दुसरं येतं.

आता आजोबांचं म्हणणं. पहिलं शील आपण रोज घेतो. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही प्राणिमात्रावर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. वर्षावासाची मूळ गोष्टच बघा. पावसात भिक्खू फिरत राहिले की कोवळं गवत आणि बारीकसारीक जीव पायाखाली येतात, अशी लोकांनी तक्रार केली, आणि तथागतांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घातला. ज्या तीन महिन्यांत आपण विहारात बसून वाचन करतो, ते तीन महिने बारीक जीव वाचवण्यासाठीच नेमलेले आहेत.

पण त्याच ग्रंथात, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' यात, बाबासाहेबांनी अहिंसेवर जे लिहिलं आहे ते पुष्कळदा घाईत वाचलं जातं. बुद्धांची अहिंसा हे तत्त्व आहे, डोळे मिटून पाळायचा नियम नाही, असं ते सांगतात. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या आहेत. जिथे गरज नाही, नुसती इच्छा आहे, तिथली हिंसा बुद्धांनी नाकारली. गरज आहे की नाही हे मात्र माणसाने स्वतःच्या बुद्धीने ठरवायचं, आणि ती जबाबदारी टाळता येत नाही.

याचा मला लागलेला अर्थ असा. तान्ह्या मुलाच्या अंथरुणावर फुरसं चढतंय, मुलाला उचलायला वाट नाही, दुसरा काही उपाय नाही, तर त्या आईने ते मारलं म्हणून तिचं शील मोडलं असं मी म्हणणार नाही. कुणी म्हणालं तर त्याच्याशी भांडेन. पण नोकरीच्या इतक्या वर्षांत मी ऐकलेल्या गोष्टींत अशा वेळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळीकडे साप एका कोपऱ्यात होता, माणसं दुसऱ्या कोपऱ्यात होती आणि मधे बाहेर जायला दार होतं. तिथे गरज नव्हती. तिथे भीती होती, थोडा पुरुषार्थ होता, आणि बघायला जमलेली माणसं होती.

दुसरं म्हणजे, फुरसं मारायला जाणं हाच मोठा धोका आहे. ते लहान असतं, अतिशय चपळ असतं आणि स्प्रिंगसारखं उसळतं. काठीचा फटका चुकला की ते काठीखालून पायाकडे येतं. डोकं तोडून वेगळं केलं तरी त्या डोक्याचा जबडा बराच वेळ चावू शकतो. म्हणून "मेलंय" म्हणून हाताने उचलणाऱ्यालाही दंश होतो. तेव्हा दयेचं सोडा, नुसता हिशेब केला तरी काठी उचलणं तोट्याचं आहे.

त्या रात्री विहारात आम्ही काय केलं ते सांगते. सगळ्यात आधी मुलं बाहेर. मग मोठे. कुणी धावायचं नाही, चटया ओढायच्या नाहीत. दिवे चालू ठेवले. दोघे जण दारात, सापापासून चांगलं सहा-सात हात लांब, नजर ठेवून उभे राहिले. हे फार महत्त्वाचं. साप दिसेनासा झाला की त्या घरात रात्रभर कुणी झोपत नाही आणि प्रत्येक जण अंधारात हात घालून शोधायला लागतो. तिसऱ्याने सर्पमित्राला फोन केला. सर्पमित्राचा नंबर जवळ नसेल तर वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे. सर्पमित्र दीड तासाने आला. कोकणातल्या वाडीत दीड तास म्हणजे लवकरच म्हणायचं. तोवर आमच्यातल्या एकाने लांब बांबूच्या टोकाला प्लास्टिकची बादली अडकवली, वेटोळ्यावर उपडी घातली आणि त्याच बांबूने एक चिरा ढकलून तिला टेकवून ठेवला. हे जमलं कारण जागा मोकळी होती, बांबू लांब होता आणि साप स्थिर बसलेला होता. यातली एक जरी गोष्ट नसेल तर बादलीच्या नादाला लागू नका. बाहेरचं दार उघडं ठेवा, माणसं दुसऱ्या खोलीत न्या आणि त्या खोलीच्या दाराखालची फट गोणपाटाने बंद करा. आडवाटेने आत आलेल्या सापाला तुमच्या घरात राहायची हौस नसते.

सर्पमित्र म्हणवणाऱ्या पोरांबद्दल एक शब्द. साप गळ्यात घालून फोटो काढणारा, हाताने धरून मुलांना दाखवणारा सर्पमित्र बोलावू नका. चांगला माणूस येतो, चिमट्याने किंवा काठीने साप बरणीत घालतो, झाकण लावतो आणि जातो. तो फार बोलत नाही.

आता चावलंच तर.

साप शोधू नका. आत्याच्या वेळी गेलेली ती पाच-सात मिनिटं मला अजून टोचतात. लांबून मोबाईलवर फोटो मिळाला तर घ्या, नाही मिळाला तरी काही अडत नाही, कारण आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच आहे. मेलेला साप पिशवीत घालून दवाखान्यात आणायचीही गरज नाही.

माणसाला बसवा, धीर द्या. बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण, घड्याळ, जे काही त्या हातापायात असेल ते लगेच काढा. सूज चढली की ते मांसात रुततं आणि मग कापावं लागतं. चावलेला हात किंवा पाय लाकडाच्या पट्टीला सैल बांधून हलू देऊ नका. चालवू नका, उचलून न्या. दोरी करकचून बांधू नका. फुरशाच्या दंशात घट्ट बांधल्याने त्या भागाचं मांस सडण्याचा धोका वाढतो. ब्लेड लावू नका. ज्याचं रक्त गोठणं बंद पडलंय त्याला तुम्ही नवी जखम करताय, हे लक्षात घ्या. तोंडाने चोखणं, पाला, चुना, कोंबडीची पिल्लं लावणं, मिरची खायला देऊन तिखट लागतं का बघणं, यातलं काहीच नको. दुखतंय म्हणून घरातली ॲस्पिरिनची किंवा ब्रुफेनची गोळी तर अजिबात देऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढतो. किती वाजता चावलं ते लक्षात ठेवा.

१०८ला फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर रिक्षा, टेम्पो, जे मिळेल ते. काहीच नसेल तर मोटारसायकलवर रुग्णाला मधे बसवून मागे एकाने धरून बसावं. नेताना वाटेत कुणाच्या दारात थांबू नका.

कुठे न्यायचं? आमच्या भागात मालवणचं ग्रामीण रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे. प्रकरण गुंतागुंतीचं झालं तर पुष्कळांना बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात न्यावं लागतं. शक्य असेल तर निघतानाच फोन करून लस आहे का विचारा. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.

दवाखान्यात गेल्यावर घरच्या माणसांनी एक चाचणी लक्षात ठेवावी. काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत थोडं रक्त घेतात आणि वीस मिनिटं न हलवता ठेवतात. मग नळी तिरकी करून बघतात. गोठलं असेल तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात आहे. या चाचणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, लहानातल्या लहान दवाखान्यात होते. ती एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करावी लागते. म्हणून पहिली चाचणी बरी आली तरी चोवीस तास तिथेच राहा. "सूज नाही, घेऊन जातो" म्हणून सही करून रुग्ण परत नेणारे नातेवाईक मी बघितलेत. लस सुरू झाली तर पहिल्यांदाच आठ-दहा बाटल्या लागू शकतात आणि लहान मुलालाही मोठ्याइतकीच लागते, कारण सापाने मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं. लसीने कुणाला खाज, थंडी किंवा धाप लागू शकते. त्यावर इंजेक्शन असतं, घाबरून लस बंद करायला सांगू नका.

ही लस येते कुठून? तमिळनाडूतले इरुला आदिवासी पूर्वी कातड्यासाठी साप पकडत. तो व्यापार कायद्याने बंद झाला. मग १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ते साप पकडतात, विष काढतात आणि सापाला परत जंगलात सोडतात. देशातल्या लशीसाठी लागणारं विष बव्हंशी तिथूनच येतं. ते थोडं थोडं घोड्याला टोचून त्याच्या रक्तातून लस बनते. आपल्या मुंबईत परळच्या हाफकिनमध्येही ती बनत आली आहे. इरुलांपैकी वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोघांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. शाळेत न गेलेल्या, गावकुसाबाहेरच्या माणसांच्या हातातलं ज्ञान आज आपल्या पोरांच्या शिरेत जातंय, हे वाडीत सांगण्यासारखं आहे.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज मांडला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली आणि बरीचशी घरीच गेलेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. दुर्लक्ष होतं कारण तो गरिबाला चावतो, एवढाच त्याचा अर्थ.

विष उतरवणाऱ्याबद्दल मला स्पष्ट लिहायचंय. आपल्या आजोबा-पणजोबांनी १९५६ नंतर देव्हारे विसर्जित केले, गाऱ्हाणी घालणं सोडलं, गावकीची अपमानाची कामं नाकारली. त्याची किंमत मोजली. आणि त्याच घरातला मुलगा साप चावला की रात्री गुपचूप दोरा बांधून घेतो, हे मला सोसत नाही. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, कुत्रा, विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. परित्राण पाठ करणाऱ्यांनीही हे समजून घ्यावं. पालि वाङ्मयात श्रावस्तीजवळ एका भिक्खूला साप चावून तो मेल्याची कथा आहे. त्यावर तथागतांनी सापांबद्दलही मैत्री बाळगायला सांगितलं. त्यात आपलं मन निर्वैर करायची शिकवण आहे, विष उतरवण्याची नाही. विनयात तर दंश झालेल्या भिक्खूला त्या काळी जे औषध मानत ते, नेहमीचे नियम बाजूला ठेवून, लगेच घ्यायची मुभा आहे. नियमापेक्षा औषध आधी, हे अडीच हजार वर्षांपूर्वीचं आहे.

घरात सापडणाऱ्या आणखी दोघांबद्दल थोडक्यात.

मण्यार काळी, अंगावर पांढरे बारीक पट्टे असलेली, रात्री फिरणारी. ती जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या मिटताहेत, बोलता येत नाही, अशी तक्रार घेऊन कुणी उठला तर पित्त म्हणून सोडा देत बसू नका. धावपळ करा.

विंचू. आपल्या कोकणातला लाल विंचू लहान मुलाचा जीव घेऊ शकतो. घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर तो नुसता दुखण्याचा विंचू नाही. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रुजू झाले, तेव्हा असे रुग्ण त्यांच्या डोळ्यांदेखत जात. त्यांनी रात्र रात्र बसून नोंदी केल्या. विंचवाच्या विषाने हृदय कसं निकामी होतं ते शोधलं आणि रक्तदाबावरचं प्रॅझोसिन हे साधं, स्वस्त औषध त्यावर चालतं हे दाखवून दिलं. १९८६ साली ते 'लॅन्सेट' या जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यांच्या नोंदींनुसार गंभीर रुग्णांत शंभरातले तीसेक जण जात, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. महाड म्हटलं की आपल्याला १९२७चं चवदार तळं आठवतं, ते योग्यच. त्याच महाडच्या मातीतली ही दुसरी आठवणही मुलांना सांगावी. तीही कुणी सांगितलं म्हणून न मानता स्वतः तपासून बघण्याचीच आहे.

मारायचं की नाही हा प्रश्नच येऊ नये, हे सगळ्यात बरं. त्यासाठी माझा रोख सरळ चिऱ्यांच्या राशीवर आहे. आपल्या वाडीत निम्म्या घरांसमोर चिऱ्यांची रास असते, कारण घराचं काम हप्त्यासाठी थांबलेलं असतं. त्या राशीच्या फटी म्हणजे फुरशाला बांधून दिलेली चाळ. रास निदान घराच्या भिंतीपासून आणि दारापासून लांब हलवा. सोडणं, करवंट्या, चुडतं, जळाऊ लाकडं भिंतीला टेकून रचू नका. चार दगडांवर फळी टाकून जमिनीपासून वर रचा आणि काढताना हात घालण्याआधी काठीने हलवा. कोंबड्यांचं खुराडं घराला चिकटून असेल तर त्यातल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरामागे साप येतो. दाराखालच्या फटी, मोरीचं भोक, भिंतीतले सुटलेले चिरे सिमेंटने बुजवा, मोरीला जाळी लावा. खाट असेल तर खाटेवर झोपा. नसेल तर निदान मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली सगळीकडून खोचा. मलेरियासाठी मिळालेली मच्छरदाणी मण्यारलाही अडवते. रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्या आणि पायात काहीतरी घाला. अंगणात उजेड नाही म्हणून ग्रामपंचायतीकडे दिव्याची मागणी करणं हेही आरोग्याचंच काम आहे.

त्या रात्री सर्पमित्र बरणी घेऊन निघाला तेव्हा त्या मुलीने त्याला विचारलं, "खंय सोडतलास?" तो म्हणाला, "वर सड्यावर, घरांपासून लांब." तिला ते पटलं की नाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ती वाचनाला आली ती दारातच थांबली आणि आधी बॅटरीने कोपरे बघून घेतले.

विहारातल्या चटया आता दोरीवर टांगलेल्या असतात. मागच्या भिंतीला लागून असलेली चिऱ्यांची रास मात्र अजून तिथेच आहे. येत्या रविवारी ती हलवायचं ठरलंय. येणाऱ्यांनी बूट घालून यावं आणि पहार आणावी.